नऊ जणांचं एक तिकीट

माझ्या दुकानात आनंदी माणूस येणं आता जवळजवळ बंद झालं आहे. आनंदी माणूस विमानाचं तिकीट फोनवर काढतो, सोफ्यावर आडवा पडून, एका हाताने चिवडा खात. माझ्याकडे तो येतो बेत फिसकटल्यावर. चेहरा उतरलेला, फोन छातीशी धरलेला, आणि पहिलं वाक्य ठरलेलं : "मॅडम, नॉन-रिफंडेबल आहे. काही होईल का?"

होतं. बऱ्याचदा होतं. कसं होतं ते लिहा म्हणून संपादकांनी मला पानं दिली आहेत, आणि हातात रंगमंच मिळाल्यावर थोडक्यात आटपणारी बाई मी नव्हे.

सीबीडी बेलापूरला, सरकारी कचेऱ्यांच्या गर्दीत, एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला वकील. अडलेला माणूस आमच्या तिघांकडे आळीपाळीने येतो. कॉलेजात मी नाटकं केली, पुढे लग्न आणि तिकिटं केली. पण नाटक वाया गेलं नाही. विमान कंपनीच्या कॉल सेंटरशी बोलायला माझ्याकडे वेगवेगळे आवाज आहेत. एक शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, एक नुकतंच रडून आलेल्या बाईचा, आणि एक अगदी गोड, जो ऐकला की माझा नवरा आपणहून कचरा बाहेर नेऊन ठेवतो.

आधी धंद्याची गोष्ट. नॉन-रिफंडेबल म्हणजे पैसे परत नाहीत, एवढंच. तिकीट मेलं असा त्याचा अर्थ नाही. विमान सुटायच्या पुरेसं आधी तुम्ही तारीख बदललीत, काही तिकिटांवर गावसुद्धा बदललंत, तर जुन्या भाड्याची किंमत नव्यात धरली जाते. बदलाची फी जाते. नवं भाडं जास्त असेल तर वरचं भरायचं, कमी असेल तर उरलेलं विसरायचं. पण तिकीट रद्द केलंत, की हातात थोडेसे कर उरतात. आणि काहीच न करता घरी बसून राहिलात तर तुम्ही 'नो-शो', म्हणजे न कळवता गैरहजर. मग माझे सगळे आवाज एकत्र आले तरी उपयोग नाही.

आपल्या माणसांना इथे रेल्वे नडते. आपण सगळे रेल्वेच्या तिकिटावर वाढलो. तिथे जितक्या लवकर कॅन्सल, तितके पैसे जास्त परत. ही सवय अंगात अशी मुरली आहे की बेत मोडला की माणूस आधी बटण दाबतो आणि मग मला फोन करतो. इथल्याच एका कचेरीतले साहेब मला फार अभिमानाने म्हणाले होते, "मॅडम, कळल्या कळल्या कॅन्सल केलं. एक मिनिट वाया घालवलं नाही."

"साहेब," मी म्हटलं, "तेवढं एक मिनिट वाया घालवलं असतंत तर तुमची सहल वाचली असती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कॅन्सलचं बटण मीच शोधून काढलंय. पुढे दर वर्षी ते माझ्याकडूनच तिकीट काढतात, पण तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

आता नावड्याच्या मथुराबायची गोष्ट सांगते. ती सांगायचीच म्हणून बाकीच्या दहा गोष्टी गिळल्या आहेत.

मथुराबाय म्हणजे तळोज्याजवळच्या नावडे गावातल्या एका मोठ्या घराची मुख्य. सत्तरीच्या पुढची बाई, नाकात नथ, कमरेला कापडी बटवा आणि बटव्यात मोबाईल. घरात दोन मुलगे, सुना, नातवंडं, माहेरी परत आलेली एक लेक. सगळ्यांनी मे महिन्यात केरळला जायचं ठरवलं. फोनवर तिकीट काढायला बायने साफ नकार दिला. "ज्याचे दारान जाऊन बसता येल असा मानूस पायजे," हे तिचं म्हणणं, आणि त्यावर मोठा मुलगा तिला माझ्या दारात घेऊन आला. या मुलाला सगळं गाव दादा म्हणतं, म्हणून मीही म्हणते.

मी सुचवलं होतं की तिकिटं दोन-तीन भागांत काढू. आमच्या धंद्यात एका बुकिंगला एक नंबर मिळतो, पीएनआर. एका पीएनआरमध्ये जितकी माणसं, तितक्यांचं नशीब एकत्र बांधलेलं. एकाला ताप आला तरी आधी त्याला गाठोड्यातून सोडवावं लागतं. बायने हात वर केला.

"आमचे घरान कोन वेगला निंगत नाय. सगली एक करा."

एका पीएनआरमध्ये जास्तीत जास्त नऊ माणसं बसतात. हे बरोब्बर नऊ निघाले. देवानेच मोजून दिले असावेत तसा बायचा चेहरा फुलला. बुकिंगला मोबाईल नंबरही तिचाच लागला, कारण घरात सगळ्यांना पाठ असलेला तो एकच.

विमान सुटायच्या आदल्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. आवाज बसलेला. "मॅडम, आमचे चुलतकाका वारले काल. सुतक आलंय. सगळं कॅन्सल करा."

"दादा, वाईट झालं. पण तो शब्द परत तोंडातून काढू नका. कॅन्सल काही होणार नाही. तारीख बदलायची."

जवळचं माणूस गेलं तर काही कंपन्या सवलत देतात, म्हणून मी कॉल सेंटरला फोन लावला. रडून आलेल्या बाईचा आवाज काढला. पलीकडच्या मुलीने नातं विचारलं. मी चुलतकाका म्हटलं. ती म्हणाली, "मॅम, हे जवळच्या कुटुंबात येतं का?"

"नावड्यात येतं," मी म्हटलं.

तिच्या यादीत आलं नाही. विमान कंपनीचं कुटुंब फार लहान असतं. आईबाप, नवराबायको, मुलं, संपलं. सुतक मात्र अख्ख्या भावकीला लागतं, आणि ते लागलं की देवदर्शन नाही, सणवार नाही, मौजमजा नाही. मी मुख्याध्यापिकेच्या आवाजातही प्रयत्न केला. ती मुलगी माझ्याहून बऱ्या शाळेत शिकली असावी.

राहिला सरळ मार्ग. फी भरून नऊही तिकिटं दिवाळीच्या सुट्टीत ढकलायची. त्यासाठी बुकिंगच्या नंबरवर ओटीपी येतो. तो नंबर बायचा, आणि बाय काही केल्या फोनवर ओटीपी सांगेना. बँकेचा माणूस गावात येऊन बजावून गेला होता की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. "तोंडासमोर येऊन सांगीन," असा तिचा निरोप आला. दुपारी येणार होती. संध्याकाळपर्यंत बदल झाला नाही तर नऊच्या नऊ गैरहजर.

दुपारच्या आधी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. अश्विनी, बायची धाकटी सून. माहेर वर्ध्याकडचं, लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. आत या म्हटलं तर म्हणाली, "नको मॅडम, सुतक आहे. इथूनच बोलते." मीच खुर्ची उचलून दाराशी गेले.

"माझं एकटीचं तिकीट नागपूरचं करून मिळेल का? उद्याचं?"

मी तिला नीट पाहिलं. ती इकडेतिकडे बघत नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती.

लग्नाआधी तिने सरकारी मोजणी खात्याची परीक्षा दिली होती. निकाल लग्नानंतर लागला, यादीत नाव आलं. परवा नागपूरला मूळ कागदपत्रं दाखवायला हजर राहायचं होतं. न राहिल्यास नाव गळणार, खालचा उमेदवार वर सरकणार. आमच्या धंद्यातला 'नो-शो' सरकारकडेही असतो, फक्त तिथे तारीख बदलून देणारी बाई बसलेली नसते.

"मग केरळला कशा निघाला होतात?"

"पत्र आलं तेव्हा सगळ्यांची तिकिटं निघाली होती. एकाच तिकिटावर. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचं बिघडलं असतं. गप्प बसले."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"आहे. नीलेश म्हणाला, आईला तू सांग."

हे वाक्य मी नवी मुंबईच्या प्रत्येक सेक्टरात ऐकलेलं आहे.

मी म्हटलं, "रेल्वे भरलेली असणार, मे महिना आहे. पण उद्याचं वेगळं विमानाचं तिकीट काढता येईल. गुपचूप."

"गुपचूप नको," ती म्हणाली. "यातलं एक तिकीट माझ्या नावाचं आहे ना? मला माझ्या तिकिटावर जायचंय. आणि सांगून जायचंय."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मग अडचण सांगितली. तिला गाठोड्यातून सोडवायला ओटीपी लागणार, आणि तो बायच्या बटव्यात.

"तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी तिकीटवाली. तिकिटाचं मी सांगते, तुमचं तुम्ही सांगा. पण एन्ट्री कधी घ्यायची तेवढं मी दाखवीन. तोपर्यंत झेरॉक्सवाल्याकडे थांबा."

दुपारी दादाच्या गाडीतून बाय उतरली. सुतकामुळे तीही आत येईना. दादाने आतली प्लास्टिकची खुर्ची बाहेर फुटपाथवर ठेवली आणि बाय माझ्या उंबऱ्यापलीकडे बसली. मी आत कॉम्प्युटरशी, ती बाहेर उन्हात, मधे सरकत्या काचेचा दरवाजा. इतकं झकास नेपथ्य मला कॉलेजातही मिळालं नव्हतं. बटव्यातून फोन निघाला आणि मांडीवर ठेवला गेला.

मी खणखणीत आवाजात विचारलं, "बाय, दिवाळीत नऊ जणांचं करू की आठ जणांचं?"

"आठ कशे? नऊ हाव आमी."

झेरॉक्सवाल्याच्या पायरीवरून अश्विनी खाली उतरली आणि सासूसमोर येऊन उभी राहिली.

"तू हितं काय करतंस?" बाय म्हणाली.

"आठ जणांचं करा म्हणून सांगायला आले, आई. मला उद्या नागपूरला जायचंय." आणि तिने सगळं सांगितलं. परीक्षा, यादी, परवाची तारीख. आवाज कुठेही चढला नाही, कुठेही खाली आला नाही. वकिलाच्या दुकानातला कारकून बाहेर येऊन खांबाला टेकला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण त्यालाही नाटकाची आवड असावी.

"केरळला यायला निंगाली होतीस तवा नाय बोललीस?"

"तेव्हा बोलले असते तर सगळ्यांची सहल माझ्यामुळे बिघडली असती. आता सहल नाही. आता गप्प बसायला मला काही कारण नाही."

दादा मधे म्हणाला, "अगं पण घरात सुतक, आणि तू..."

"तू गप," बाय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, हिचा वेगला काडला, तर मागनं परत आमचेत जोरता येतंय?"

इथे एक लहानसं खोटं बोलले असते तर काम चटकन झालं असतं. जीभ वळवळलीसुद्धा. पण तिकिटाबाबत मी खोटं बोलत नाही, तेवढा एकच विषय मी शुद्ध ठेवला आहे.

"नाही, बाय. एकदा वेगळं काढलं की कायमचं वेगळं. कॉम्प्युटर परत एकत्र घेत नाही."

"मंग नको." तिने फोन पदराखाली झाकला. "माजे सासऱ्याचे भाव असेच वेगले निंगाले. आता सनाला पावन्यासारके येतान आनि चाय पिऊन जातान."

कॉम्प्युटरवर माझं पान तसंच उघडं होतं. अश्विनी जागची हलली नव्हती.

"कसली नोकरी?" बायने विचारलं. नकार देऊन झाल्यावरची चौकशी, म्हणजे खरी चौकशी.

"जमीन मोजायची. भूकरमापक म्हणतात."

"मोजनीवाली? तू?"

"हो."

"बायका करतान?"

"करतात, आई. माझ्या यादीत पुष्कळ जणी आहेत."

"आनि ठेवतील कुटं तुला?"

"कुठेही ठेवतील. लांबही असेल. ते माझ्या हातात नाही."

दादाने मान फिरवली. मला वाटलं, संपलं. ही मुलगी जरा कमी खरं बोलली असती तर!

बायने रस्त्याकडे तोंड केलं. मग बोलायला लागली, ते आमच्यापैकी कुणाला उद्देशून होतं सांगता येत नाही. तिचं माहेर खाडीकाठचं. बाबांचं खाजण होतं, म्हणजे खाडीचं पाणी बांध घालून अडवलेली भातजमीन. ती लहान असताना तिथे मोजणीवाले आले. साखळ्या टाकल्या, खुणेचे दगड पुरले. हिने घरून कळशी नेऊन त्यांना पाणी पाजलं आणि एकाला विचारलं, काय मोजताव?

"तो हसला. बोलला, तुला कलाचा नाय. मंग बाबांनी इचारला. बाबांना बी तोच बोलला." तिने नथ सारखी केली. "आता तिथं इमानतळ हाय. तुमची इमाना तिथनंच उरतान ना मॅडम?"

तिथूनच. आमच्या नव्या विमानतळावरून. ते तिकीट मी काढलं होतं आणि तिने घेतलं होतं, आणि बुकिंगच्या दिवशी ती यातला एक शब्द बोलली नव्हती.

बाय सुनेकडे वळली. "तुला कलतंय का, ते काय मोजतान?"

"कळतं. परीक्षेत तेच होतं. राहिलेलं तिथे शिकवतील."

"आनि कोनी पोरीनी येऊन इचारला, तर?"

"सांगेन."

"तिचे बापाला?"

"त्यालाही सांगेन. नकाशा समोर ठेवून सांगेन."

बायने फोन पदराखालून बाहेर काढला.

"मॅडम, दोगींचा नागपूर काडा."

"दोघींचा?"

"एकली कशी जाईल? आनि ही काय वेगली नाय निंगाली. आमी दोगी निंगालो."

दादा कळवळून म्हणाला, "आई, सुतक हाय! लोक काय बोलतील?"

"सुतकान देवाकरं जात नाय. सरकारी हापिसान कंचा देव बसलाय?"

यावर वकिलाच्या कारकुनाने मान डोलावली. तो रोज कचेऱ्यांच्या चकरा मारतो.

कामाला लागले. नऊचे दोन आणि सात केले. दोघींचं जाणं-येणं नागपूरला फिरवलं, सातांचं दिवाळीत नेलं. ओटीपी पाठवला. बायच्या फोनवर टिंग झालं आणि तिने फोन छातीशी धरला. "सगल्यांसमोर नाय सांगाचा." झेरॉक्सवाला, कारकून, पोटचा मुलगा, सगळ्यांना तिने हाताने लांब केलं. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. शेवटी मीच उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि तिच्या खुर्चीशी वाकले. तिने माझ्या कानाशी तोंड आणून एकेक आकडा मंत्र दिल्यासारखा पुटपुटला. मी तो जपत आत पळाले. या धंद्यात मला पुष्कळ ओटीपी मिळाले, पण गुरुमंत्र म्हणून मिळालेला तेवढा एकच.

बदल झाला. कोचीची जागा नागपूरने घेतली तो क्षण मी अश्विनीला काचेतून दाखवला. तिने हात जोडले.

गणपतीच्या सुमाराला ती पेढे घेऊन आली. नेमणूक झाली होती, नागपूरच्या पुढे एका तालुक्याला. नीलेश सुट्टी काढून जाऊन-येऊन असतो. त्याची तिकिटं मी काढते आणि रजा नामंजूर झाली की ती बदलायलाही तोच येतो. कॅन्सल हा शब्द तो उच्चारत नाही. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा उरलेले सात जण केरळात असतील. बाय मात्र सुनेकडे, तिचा नवा संसार लावून द्यायला.

मी अश्विनीला विचारलं, "नागपूरला कागद दाखवायला गेलीस, त्या दिवशी विचारलं काय तुला?"

"तिथे काहीच नाही हो. कागद बघितले, सही घेतली. परीक्षा झाली ती विमानात, आईंसमोर."

विमान वर उठल्या उठल्या बायने खिडकीला नाक लावलं होतं आणि एका हाताने सुनेचं मनगट पकडून ठेवलं होतं. खाली धावपट्टी, खाडीचं पाणी, खारफुटीचा हिरवा पट्टा, सगळं तिरकं होऊन फिरायला लागलं. बाय म्हणाली, "माजे बाबांचा खाजन कुटं व्हता, दाखव. मोजनीवाली ना तू?"

"बाप रे," मी म्हटलं. "मग तू काय केलंस? कुठेतरी बोट दाखवलंस?"

"नाही. म्हटलं, आई, मला माहीत नाही. नकाशा बघितल्याशिवाय मी बोट ठेवणार नाही. आधी जुना नकाशा काढते, मग दाखवते."

"आणि बाय काय म्हणाल्या?"

अश्विनी हसायला लागली. पेढ्याचा बॉक्स तिने टेबलावर ठेवला आणि सासूचा आवाज असा हुबेहूब काढला की माझे सगळे आवाज लाजले.

"बोलल्या, बरा केलास. अंदाजान बोट ठेवला असतास ना, तर मी हितंच उतरले असते."